स्टुडिओच्या पायातली माती

मांद्र्याला आमच्या लांबच्या नात्यातला एक जण राहतो. समुद्राकडच्या माडांत त्याची पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्यांची रांग आहे. मागच्या पावसाळ्याआधी तो एकदा घरी आला, चहा प्याला, पंख्याखाली खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "काका, माका एक शब्द होयो."

आमच्या गावात शब्द मागायला लोक माझ्याकडे येतात. यात माझी विद्वत्ता काही नाही. तुयेच्या कारखान्यात मी सगळा जन्म स्टोअरमध्ये काढला. नटबोल्ट मोजणाऱ्या माणसाला शब्दांचं काय? पण तरुणपणी जत्रेतल्या नाटकाच्या आधी माईकवर दोन शब्द बोलायची खोड लागली, मग लग्नाच्या पत्रिका लिहून द्यायला लागलो, आणि आता कुणाच्या घराला नाव ठेवायचं असलं तरी माणूस माझ्या दारात येतो. मीही नाही म्हणत नाही. न येणारी कामं अंगावर घेणं हा माझा जुना आजार आहे.

तर त्याला रांगेच्या टोकाला एक मोठी खोली बांधायची होती. पाहुण्यांनी तिथं बसून चित्रं काढावीत, मातीची भांडी करावीत, असा बेत. "स्टुडिओ तर सगळेच म्हणतत," तो म्हणाला. "एक पाहुणी आसा, ती म्हणता अतेलिए म्हण. तू काय तरी आपलो दे. वजनदार."

मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि तो गेल्यावर लगेच मोबाईल उघडून बसलो. स्टुडिओ हा शब्द लॅटिनमधून इटालियनमधून आलेला. मुळात त्याचा अर्थ खोली असा नव्हताच. ध्यास, मन लावणं, अभ्यास असा होता. मग माणूस जिथं बसून मन लावतो त्या खोलीला ते नाव चिकटलं. अतेलिए हा फ्रेंच. तो माझा जास्त लाडका झाला. त्याचं मूळ लाकडाच्या ढलपीत आहे. सुतार जिथं बसून तासतो, जिथं ढलप्या पडतात, ती जागा म्हणजे अतेलिए. पुढे चित्रकारांनी ती जागा आपलीशी केली, पण नाव राहिलं ते जमिनीवर पडलेल्या कचऱ्याचं.

हे वाचलं आणि मी मोबाईल पालथा ठेवला. पडवीतल्या चकचकीत टाईल्सवर नजर गेली. ढलपी नाही, माती नाही, कापसाचं बोंड नाही. आरशासारखी जमीन. त्यात माझंच तोंड दिसत होतं आणि ते काही फार देखणं नाही.

आतून वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, भांडी घासता घासता सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "शाळा म्हणान सांगू नकात हां तेका. एक शाळा मोडलात ती पुरे."

ही शाळा म्हणजे मुलांची नव्हे. आमच्याकडे चवथीचे गणपती जिथं घडवतात त्या जागेला शाळा म्हणतात. कुणी चित्रशाळा म्हणेल, पण बोलताना शाळाच. कोशात पाहिलं तर शाला म्हणजे घर, मोठी खोली, नाहीतर नुसतं छप्पर असलेला आडोसा. गोशाळेत गाई, पाकशाळेत चुली. भिंती किती, दारं किती, याची चौकशी त्या शब्दात कुठंच नाही. वर छप्पर असलं आणि खाली कुणी तरी काही तरी करत बसलेलं असलं की झालं. हे मला आता मोबाईलने सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्याचं काय बिघडणार होतं!

आमची शाळा आमच्या पडवीत होती. होती म्हणजे वर्षभर नव्हती. वर्षभर ती पडवीच. तिथं भात सुकायचं, काजू पडायचे, पाहुणा आला तर निजायचा. आषाढात दिचोलीकडून, मयेच्या बाजूच्या शेतातून चिकण माती यायची, बाबा पंचा गुंडाळून खाली बसायचे आणि त्या क्षणापासून घरातले सगळे "शाळेत पाणी दे", "शाळेत दिवो लाव" असं बोलायला लागायचे. जागा तीच. चवथीच्या आदल्या दिवशी शेवटचा गणपती घरी गेला की पुन्हा पडवी.

बाबांनंतर दादा बसायला लागला. माझा हा थोरला भाऊ साधाभोळा कारागीर वगैरे मुळीच नाही. काजूच्या बागायतीत तो इतका आळशी की बोंडं पडून कुजली तरी वाकायचा नाही. पण शाळा सुरू झाली की गावचा राजा. छाती पुढे, मान वर, आणि जिभेला लगाम नाही. कुणी गणपतीचं नाक जरा मोठं झालं म्हटलं तर त्याच्याच नाकाकडे बघून म्हणायचा, "तुझा बघान केलंय. आवडूक नाय तर बदलतंय." त्याला काम करताना माणसं लागायची. शेजारचा एक म्हातारा रोज दुपारी माती कुटायला यायचा. कापूस घालून माती कुटता कुटता तो अख्ख्या पेडण्याची वित्तंबातमी सांगायचा. शेतातून परतणाऱ्या बाया डोक्यावरचे भारे पायरीला टेकवून दोन घटका थांबायच्या. संध्याकाळचा पाववाला पोदेरसुद्धा सायकल माडाला टेकवून पाव गार होईपर्यंत गणपतीचे डोळे आखलेले बघत बसायचा, आणि मग गार पाव दिल्याबद्दल वहिनी त्याला शिव्या द्यायची.

नागपंचमीला घराघरांतून पाट यायचे. ज्याचा त्याचा पाट ठरलेला, त्यावरचा गणपतीही ठरलेला. एका घरचा कमळावर बसणार, दुसऱ्याचा शंकराच्या मांडीवर. एका घरच्याचं पितांबर गुलाबीच लागायचं, का ते त्या घरातही कुणाला ठाऊक नव्हतं. आजोबांनी ज्या घराला जसा करून दिला तसाच बाबांनी दिला, तसाच दादाने. पाट शाळेत पोचता केला की माणूस निर्धास्त व्हायचा. काय हवं, कसं हवं, हे बोलायचंच नसायचं.

माझा या शाळेतला वाटा म्हणजे उंदीर. गणपतीच्या पायाशी असतो तो. दुसरं काही माझ्या हातात देत नसत. आणि माझा उंदीरही कसा, तर एकदा दादाने तो दोन बोटांत धरून सगळ्यांना फिरवून दाखवला. "ह्यो उंदीर नाय, डुकर. गणपती ह्येच्यार बसात तर सोंडेसकट आडवो जायत." सगळी पडवी हसली. मीही हसलो. मला तिथं असण्याशी मतलब होता.

आणि कोपऱ्यातली ती दोण, म्हणजे माती ठेवायचं खोलगट कुंड. दगडाची, आजोबांच्या वेळची. मोसम संपला की उरलेली माती, पडलेले तुकडे, मोडलेला हात, माझे फसलेले उंदीर, सगळं त्या दोणीत जायचं. वर गोणपाट. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की वहिनी उरलेला तांब्या त्या गोणपाटावर शिंपडायची. वर्षभर. पुढच्या आषाढात नवी माती आली की दोणीतला एक गोळा काढून तिच्यात मळायचा. दह्याला विरजण लावावं तसं. बाबा म्हणायचे की आजोबांच्या हातची माती अजून थोडी थोडी सगळ्या गणपतींत आहे. खरं की खोटं, कोण जाणे. पण गोळा मळल्याशिवाय दादा पहिला पाट पुढ्यात घ्यायचा नाही, हे खरं.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

कारखान्यात असताना एकदा साहेबाच्या ओळखीने मला मांद्र्याला एका चित्रकाराच्या घरी सामान पोचवायला जावं लागलं. जुनं घर भाड्याने घेऊन तो राहत होता. आत गेलो तर एवढी मोठी खोली, चुन्याने पांढरी केलेली. उत्तरेला उंच जनेल, म्हणजे खिडकी. ब्रश आकाराप्रमाणे टांगलेले. आणि मधोमध तो एकटा. कुणी बोलत नाही, कुणी हसत नाही. दारावर पाटी: आत येऊ नये. मी पाय न वाजवता सामान ठेवलं आणि पाय न वाजवता बाहेर आलो, पण डोकं तिथंच राहिलं. परत येताना सायकलवर माझं एक गणित तयार झालं: चौघांत बसतो तो कारागीर, एकटा बसतो तो कलावंत. आमचा दादा आयुष्यभर चौघांत बसला, म्हणून आमच्या पंचक्रोशीबाहेर त्याला कुणी विचारत नाही!

हे गणित मी अनेक वर्षं पोटात वाढवलं. निवृत्त झाल्यावर ते बाहेर आलं. विहिरीच्या पलीकडे दादासाठी एक खोली बांधायची. स्लॅबची, उत्तरेला जनेल, ट्यूबलाईट, पंखा, खुंट्या. दादाला सांगितलं तेव्हा तो सुपारी कातरत होता. वर न बघता म्हणाला, "बांध. गाय बांधूक तरी उपेगी पडतली."

याला मी परवानगी समजलो.

उन्हाळ्यात काम निघालं. खोली उभी राहत आली तेव्हा दादा आणि वहिनी तिच्या माहेरी, सावंतवाडीकडे, लग्नाला गेली. मला वाटलं, ती परत यायच्या आत पडवीही नवी करून टाकू. आता शाळा तिकडे जाणार, मग इकडे शेणाची जमीन कशाला? टाईल्स घालू, ग्रील लावू, दादाला आश्चर्याचा धक्का देऊ. तसा तो बसलाच.

कामगारांनी पडवी रिकामी केली. मुकादम दोणीपाशी थांबला. "ही माती खंय टाकू?" खोलीच्या जोत्यात भरणी कमी पडत होती. मी क्षणभरही विचार केला नाही. म्हणजे केला, आणि तो विचार असा की आजोबांची माती आपण वाया घालवत नाही, नव्या वास्तूच्या पायात घालतो, केवढं छान! त्या दिवशी माझ्यासारखा भावनाशील माणूस पेडण्यात दुसरा नसेल. दोण मागे काजूखाली नेऊन ठेवली. तिच्यात पुढे कोंबडी अंडी घालायला लागली.

दोघं रात्रीच्या गाडीने आली, थकून झोपली. सकाळी मी मुद्दाम लवकर उठून ग्रीलपाशी उभा राहिलो. वहिनीने तुळशीला पाणी घातलं, तांब्या घेऊन पडवी चढली, टाईल्सवर एकदा घसरली, सावरली आणि कोपऱ्याकडे गेली. तिथं जाऊन थांबली. तांब्या हातात तिरका. पाणी सांडत नव्हतं, पण सांडायच्या बेतात होतं.

"भावजी, हयची माती?"

"वाया नाय गेली," मी म्हणालो. "नव्या खोलीच्या पायात घातली."

तिने मान वळवून आत पाहिलं. दादा दारात उभा होता. त्याने ऐकलं होतं. तो ओरडेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती: जागा मोठी झाली, उजेड आला, नाव होणार. तो ओरडला असता तर त्यातलं एखादं उत्तर खपलंही असतं. तो पायरीवर बसला, पायाने टाईल पुसल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बरा केलंस. आता तुझो स्टुडिओ हलाचो नाय."

वहिनीने तांब्यातलं पाणी ग्रीलमधून बाहेर फेकलं.

त्या आषाढात दादा स्टुडिओत बसला. मी दारावर रंगाने स्टुडिओ अशी पाटी लिहिली होती, वळणदार अक्षरात. पहिल्या दिवशी माती कुटणारा म्हातारा आला, चपला काढल्या, पाटी वाचली, आणि उंबऱ्याबाहेरून म्हणाला, "आत येव काय?" दादाने हातातलं काम खाली ठेवलं. जन्मात त्या माणसाने आमच्याकडे आत येऊ का म्हणून विचारलं नव्हतं. पडवीला आत आणि बाहेर होतंच कुठं! तो आत आला, भिंतीला टेकून बसला, कुटायला लागला, पण त्या बंद खोलीत मुसळ असं घुमायला लागलं की त्याची बातमी कुणाला ऐकू जाईना. चार दिवसांनी त्याचे गुडघे दुखायला लागले. पाचव्या दिवशी तो आला नाही.

बायांची वाट तिकडून नव्हती. पोदेर दुरून भोंगा वाजवून पाव देऊन गेला. वहिनीला त्या वर्षी ऊन ऊन पाव मिळाले आणि ती त्याच्यावरही चिडली. पाट घेऊन लोक आले ते हॉस्पिटलात आल्यासारखे. हळू बोलले, पाट भिंतीला लावला, "बरा आसा हां" म्हणाले आणि गेले. नाकावर कुणी काही बोलेना. मी दिवसातून दोनदा जाऊन दारातून बघायचो आणि मनात म्हणायचो, आता कसा कलावंत दिसतो! दादा जनेलाकडे पाठ करून बसलेला असायचा. पंखा लावला तर माती वाळून तडकायची, बंद केला तर स्लॅबखाली जीव नकोसा व्हायचा. त्याने ओल्या फडक्यात गुंडाळून, सांधून, कसेबसे गणपती पुरे केले.

"माती येणा नाय हातात," एवढंच तो एकदा म्हणाला.

मी त्याला सांगितलं की नवी माती अजून मुरायची आहे. मला मातीतलं काय कळत होतं? माझे उंदीर तुम्हाला ठाऊकच आहेत.

पुढल्या वर्षी काही पाट कमी आले. कुणाच्या सुनेला बाजारातला हलका गणपती हवा होता, कुणाला गाडीने जाताना वाटेतली दुसरी शाळा सोयीची वाटली. ते सगळीकडेच होत होतं, आमच्याकडेच नव्हे, हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण आधी असं कुणाचं मन फिरायला लागलं की तो पडवीत येऊन बसायचा, दोन टोमणे खायचा, आणि पाट तिथंच राहायचा. आता बसायलाच कुणी येत नव्हतं.

मग एका नागपंचमीला लोक पाट घेऊन आले आणि दादा पडवीच्या पायरीवर बसलेला होता. स्टुडिओला कुलूप. "हात दुखता," तो म्हणाला. गुलाबी पितांबराच्या घरचा माणूस खांद्यावर पाट घेऊन बराच वेळ उभा राहिला. "मगे आमचो कोण करतलो?" त्याने विचारलं. दादाने सुपारी कातरायला घेतली. तो माणूस पाट तसाच खांद्यावर घेऊन उतरणीने परत गेला. मी ग्रीलमागे उभा होतो. ग्रील मीच लावलेली, त्यामुळे तिच्यामागे उभं राहायचा हक्कही माझाच.

त्यानंतर आमच्या घरचा पाटही बाहेर गेला. दिचोलीला एक शाळा होती, आमची माती यायची त्याच बाजूला. तिथला मूर्तिकार दादाहून पुष्कळ लहान. मी स्कूटरवर पाट बांधून एकटाच जायचो, एकटाच आणायचो. दादा कधी बरोबर आला नाही. चवथीला तो आरतीला मागे उभा राहायचा आणि मूर्तीकडे न बघता वर बांधलेल्या माटोळीला टांगलेल्या फळांकडे बघायचा. बाबांच्या जागी बसलेल्या माणसाच्या घरात परका गणपती. मला दर चवथीला एकच गोष्ट लागून राहायची: हा पुन्हा मातीला हात लावील का?

मागच्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्याने असहकार पुकारला आणि स्कूटर चालवायची बंद झाली. पाट पोचवायला गाडी सांगावी लागली. कोण जाणे का, दादा येऊन गाडीत बसला. "पाट धरूक कोण तरी होयो," म्हणाला.

दिचोलीची ती शाळा म्हणजे रस्त्याकडेची पडवी. मध्ये चिखल, कडेने बाकडी, एक रेडिओ, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. मूर्तिकाराने दादाला ओळखलं. "अरे, बसा मरे," म्हणत त्याने बसायचं पोतं पुढे सरकवलं. दादा टेकला. पाट उतरवला, माझं बोलणं झालं, निघायचं म्हणून मी वळलो तर दादाच्या मांडीवर मातीचा गोळा होता. कधी उचलला कुणी पाहिलं नाही. बोलता बोलता त्याने उंदीर केला. कान, शेपूट, पोटाशी धरलेला लाडू. खाली ठेवला. दुसरा गोळा घेतला. शेजारचा एक जण म्हणाला, "वा, बुढ्याच्या हाताक जीव आसा." दादा म्हणाला, "तुझ्या तोंडाक तितको नाय." पडवी हसली.

मी बाहेर आलो आणि गाडीच्या आड उभा राहून नाक शिंकरलं. चिखलाचा वास फार होता, दुसरं काही नाही.

आणि तेवढ्यात मला कल्पना सुचली. माझ्या कल्पना अशाच, आडोशाला सुचतात. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी ढिगातला बरा मोठा गोळा प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवी सदऱ्याखाली. घरी नेऊन पुन्हा दोण भरायची. विरजण म्हणून! गाडीत दादा माझ्या पोटाकडे बघत होता.

"काय ता?"

"काय नाय."

"पोट गळता तुझा."

सदऱ्यातून मातीचं पाणी पँटवर उतरलं होतं. त्याने ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं. मला परत पाठवलं. सगळ्या शाळेसमोर मी सदऱ्याखालून पिशवी काढून गोळा ढिगावर ठेवला. मूर्तिकार म्हणाला, "होयो जाल्यार मागपाचो, काका." मी मान हलवली. मागायचा विचार खरंच डोक्यात आला नव्हता. जोत्यात माती घालताना विचारलं नव्हतं, उचलताना तरी कुठून सुचणार!

गाडीत बसल्यावर दादा म्हणाला, "थंयच्या हातांची माती ती. हय कोणाच्या हातांक लागतली?"

मला वाटलं होतं तो म्हणेल, माझ्या. त्याने तसं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून, डब्यात भाकरी घेऊन बसस्टॉपवर उभा. दिचोलीला निघालेला. तिसऱ्या दिवशीही. चवथीपर्यंत रोज. दोन बस बदलून, या वयात, नोकरीला लागल्यासारखा. आयुष्यभर ज्याने पडवीतून उतरायचा कंटाळा केला तो माणूस दुसऱ्याच्या पडवीत जाऊन बसायला लागला. संध्याकाळी यायचा तो नखांत माती घेऊन, आणि जेवताना दिचोलीतल्या कुणाकुणाची नक्कल करून वहिनीला हसवायचा. मला आनंद झाला. खरंच झाला. फक्त रोज सकाळी त्याला स्टॉपवर सोडून लंगडत परत येताना वाटेत आमची ती खोली दिसायची, कुलूप लावलेली, आत वहिनीचे नारळ आणि गॅसचं रिकामं सिलेंडर. तिच्या पायात काय आहे ते मला ठाऊक होतं. खणून काढता येईल का, म्हणून मी एकदा गवंड्याला विचारलंही. तो म्हणाला, "खोली पाडल्यार काढूक येता. माती मातर खंयची खंय, तें कळपाचें ना."

मांद्र्याच्या माणसाला मी शेवटी स्टुडिओच ठेव म्हणून सांगितलं. "मगे इतके दिस काय केलंस?" तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. पण दुसरा शब्द माझ्याकडे असूनही माझ्याने देववेना. त्याच्या खोलीला दार होतं, दाराला काच, आणि काचेवर उघडायची वेळ.

चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही गणपती आणायला दिचोलीला गेलो. आमच्या पाटावरचा गणपती या वेळी दादाने केला होता. बाबा करायचे तसाच, डावा पाय दुमडलेला, मान किंचित कलती. मी ताटात तांदूळ, नारळ, विडा ठेवून आणला होता. मूर्ती उचलण्याआधी ते ताट मूर्तिकारापुढे ठेवायचं असतं. सवयीने मी ते दादापुढे ठेवलं.

त्याने पाय मागे घेतले. "थंय ठेव. शाळा तेची."

"पण केलंस तू."

"म्हणान काय झाला?"

मी ताट उचलून त्या लहान वयाच्या माणसापुढे ठेवलं. त्याने नारळ कपाळाला लावला आणि आत कुणाला तरी चहा टाकायला सांगितला. दादा चहासाठी बसला. आम्हाला उशीर होत होता, पण तो बसला.

घरी पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. दादाने पाट उचलून छातीशी धरला, मी छत्री धरली. पायऱ्या चढताना तो टाईल्सकडे बघून थबकला. ओल्या पायांनी तिथं माणूस उभा राहत नाही, त्यात हातात गणपती. तेवढ्यात वहिनी आतून आली आणि तिने उंबऱ्यापर्यंत गोणपाट पसरलं. जुनं, काठ विरलेलं, मध्ये काळपट ओलीचे डाग वाळून राहिलेले. मी ओळखलं. दोणीवर असायचं तेच. माती मी जोत्यात घातली तेव्हा हे कुठल्या ढिगात पडलं होतं आणि तिने ते कधी उचलून धुऊन ठेवलं, मला ठाऊक नाही.

दादा त्याच्यावरून चालत आत गेला.

विसर्जन झाल्यावर मी पडवी पुसायला घेतली आणि ते गोणपाट घडी करायला वाकलो. चुलीपाशी बसलेली वहिनी म्हणाली, "ता रवांदे थंयच."

मग ते तिथंच राहिलं.